अर्ध्या किलोचा हात

माझ्या वडिलांना बाजारात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना तागडी म्हणत, तेही पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. "काय तागडी, आज धूर उशिरा दिसला?" असं कुणी विचारलं की बाबा मान ताठ करून उत्तर द्यायचे, जणू सरकारने पदवी दिली आहे.

याचं कारण आमचा वजनकाटा. बेकरीला काटा हवाच असं परवान्यात लिहिलेलं असल्यामुळे तो होता, पण फडताळाच्या वरच्या फळीवर, फडक्याखाली, एखाद्या आजारी माणसासारखा झाकून ठेवलेला. बाबांना त्याची गरज नव्हती. लाकडी काथवटीतल्या फुगलेल्या पिठातून ते उजव्या हाताने गोळा तोडायचे, तळहातावर एकदाच उसळवायचे आणि टेबलावर टाकायचे. तो गोळा असायचा पाचशे सत्तर ग्रॅमचा. भट्टीत सत्तर ग्रॅम पाणी उडून जातं आणि बाहेर येतो अर्ध्या किलोचा गोल, साधा पाव. रोज असे चारशे गोळे, आणि हे सदतीस वर्षं चाललेलं. लहानपणी मी फडकं बाजूला करून त्यांची परीक्षा घ्यायचे. दोन-तीन ग्रॅमचा फरक निघाला तर ते गंभीरपणे म्हणायचे, "काटा ओला झालाय."

मला ते ठिणगी म्हणत. माझ्या रंगावरून नाही, तोंडावरून. शाळा संपल्यापासून बेकरीचा गल्ला, मैद्याच्या पोत्यांची मागणी आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही तीन खाती माझ्याकडे होती, आणि तिसऱ्यात मी विशेष प्रगती केली होती. आई बन आणि बिस्किटांचं बघायची. एक जुना भट्टीवाला होता. तो लाकडं सारायचा, लांब दांड्याच्या फळीने पाव आत-बाहेर करायचा आणि उरलेल्या वेळात टोमणे मारायचा. एवढंच आमचं राज्य.

दुकानाच्या दर्शनी भागात एक पत्र्याची पाटी होती. "साधा पाव, अर्धा किलो", आणि खाली सरकारने ठरवलेला दर. ही पाटी लावणं सक्तीचं होतं. पाच वर्षांत तिच्या कडा गंजल्या, अक्षरांचा रंग उडाला, मधला खिळा एकदा बदलावा लागला. दर मात्र जागचा हलला नाही. या पाच वर्षांत मैद्याचा भाव जवळजवळ दुप्पट झाला होता, लाकूड त्याहून वर गेलं होतं, यीस्टचा डबा तर आम्ही कुलपात ठेवायला लागलो होतो. पिठाला दर बांधलेला नाही, लाकडाला नाही, विजेला नाही. बांधलेला आहे तो पावाला. दर वाढवायचा नाही, वजन कमी करायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी सगळ्या बेकरीवाल्यांची गत झाली होती.

यातून वाट काढली ती आमच्या समोरच्याने. "समोरचा" म्हणजे रस्त्यापलीकडचा बेकरीवाला. एक दिवस तो चहाला म्हणून आला आणि बाबांना म्हणाला, "तागडी, दोन बेदाणे टाका."

"कशात?"

"पावात. कायदा साध्या पावाला आहे. बेदाणा पडला की तो साधा राहत नाही, मग दर आपला. मी सोमवारपासून सुरू केलंय."

"आणि ज्याला बेदाणा नकोय त्याने काय करायचं?"

"काढून टाकावा की!" समोरचा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसला.

महिन्याभरात बाजारातल्या बाकीच्या पाचही बेकऱ्यांत बेदाणे पोहोचले. साधा पाव उरला फक्त आमच्याकडे. बाबांना वाटलं होतं, लोक कौतुक करतील. लोकांनी रांग लावली. पूर्वी दुपारपर्यंत पुरणारे पाव सकाळी आठलाच संपायला लागले. आणि गंमत अशी की प्रत्येक पावामागे आम्ही बुडत होतो. बन-बिस्किटांवर घर कसंबसं चालत होतं आणि पावावर बाबांचं नाव. रांग बघून येणारे-जाणारे म्हणायचे, "मजा आहे तुमची!" मला त्यांच्या डोक्यात फळी घालावीशी वाटायची.

बाबा तेव्हापासून एका जागी बसेनात. दर मंगळवारी नवीन दर जाहीर होणार अशी बातमी यायची आणि दर बुधवारी ती विरून जायची. मंगळवारी ते चार-चार वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. आलं नाही का वर्तमानपत्र? आलंय, पण त्यात काही नाही. मग भट्टीचं दार उघड, बंद कर. नीट रचलेली पोती उतरव, पुन्हा रच. जेवायला बसले तरी त्यांचा गुडघा हलत राहायचा आणि ताटलीतला चमचा किणकिणायचा. आई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात काढला की गुडघा पुन्हा सुरू. भट्टीवाला म्हणायचा, "मालकांना भट्टीत घातलं तरी ते तिथे येरझाऱ्या घालतील."

मलाही ते बघवत नव्हतं. एका सकाळी ते गोळे तोडत असताना मी म्हटलं, "बाबा, चिमूटभर कमी घ्या ना. सगळ्यात चिमूटभर. कुणाला कळतंय?"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. पण त्यांनी पुढचा गोळा तोडायला घेतला. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना भट्टीवाल्याला म्हणायचे, "तिला सांग, यीस्ट संपत आलंय." भट्टीवाला माझ्याकडे वळून म्हणायचा, "ताई, यीस्ट संपत आलंय. बघा, किती लांबून निरोप आणलाय."

तिसऱ्या दिवशी ते बोलले. म्हणाले, "ठिणगे, आपल्याकडे दुसरं काय आहे?" एवढंच. मला लाज वाटली, आणि ती झाकायला मी गल्ल्यातली चिल्लर उगाचच जोरात ओतून मोजायला घेतली.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, मैद्याचा भाव परत एकदा चढला त्या सुमारास, पोती उरायला लागली. आठवड्याला सोळा लागायची. एका शनिवारी बघते तर एक पोतं शिल्लक. पुढच्या शनिवारी परत एक. पाव तेवढेच, चारशे. मी जमिनीकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं आणि स्वतःला समजावलं, की सांडलवंड कमी झाली असेल, भट्टीवाला शहाणा झाला असेल. पंधरा पोती मागवायला लागले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आनंद झाला की माणूस फार प्रश्न विचारत नाही.

आमच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका असायच्या. एकट्याच राहायच्या. रोज एक पाव घ्यायच्या आणि त्याचे आठ काप करायच्या, चार सकाळचे, चार संध्याकाळचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, वर्गात शिकवावं तसं. एकदा त्या पिशवीत पाव ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "आठवा काप हल्ली पातळ येतो गं."

"भूक वाढली असेल, बाई," मी म्हटलं. मागची माणसं हसली. बाईही हसल्या, पण पिशवीचं तोंड त्यांनी दोनदा मिटलं. आठवड्याभराने त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी म्हटलं, "सुरीला धार करून घ्या." तिसऱ्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत.

वजनमापं तपासणारे साहेब आले ते एका गुरुवारी, सकाळी सात वाजता, रांग ऐन भरात असताना. बारीक अंगाचे, घामेजलेले, काखेत पेटी. तक्रार आली आहे, म्हणाले. कुणाची ते सांगितलं नाही. शिक्षिकाबाई रांगेत तिसऱ्या होत्या आणि स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या.

बाबा पीठ झटकत बाहेर आले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, कितीतरी दिवसांनी उजळलेला. "वजन?" ते म्हणाले. "माझ्याकडे? मोजा, साहेब. इथेच मोजा, सगळ्यांसमोर. कुठलेही दहा घ्या." आणि रांगेकडे वळून, "पुढे या, पुढे या, नीट बघा!"

साहेबांनी पेटीतून आपला काटा काढला, गल्ल्यावर मांडला, दहा पाव निवडले. पहिला, चारशे सत्तर. दुसरा, चारशे एकाहत्तर. तिसरा, चारशे एकोणसत्तर. बाबा म्हणाले, "तुमचा काटा..." साहेबांनी खिशातून अर्ध्या किलोचं शिक्क्याचं वजन काढून त्यावर ठेवलं. काटा बरोबर पाचशेवर आला. उरलेले सात पाव त्यांनी मुकाट्याने मोजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही दुकान भरून लोकांसमोर.

रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "म्हणून परवडत होतं होय!" समोरचा आपल्या दारात येऊन उभा राहिला होता.

साहेब म्हणाले, "मालक, दोन गोष्टी असतात. जाणूनबुजून केलं असेल, तर परवाना जातो. निष्काळजीपणा असेल, तर आठ दिवस दुकान बंद. मला काय ते लिहावं लागेल. गोळे कोण तोडतं?"

 बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं कसलं होतं ते मला लगेच कळलं, कारण माझ्याही मनात तीच चिमूटभरवाली सकाळ आली होती.

"ठिणगे," ते म्हणाले, "तू पिठाला हात लावलास?"

सगळ्या बाजारासमोर! माझ्या कानशिलांत आग झाली. सदतीस वर्षांचा परवाना चालला होता आणि त्यांना चोर सापडला होता तो मी. मला असा राग कधी आला नव्हता, त्यांच्यावर तर नाहीच. मी आत गेले, फडताळावरचं फडकं ओढून फेकलं, आमचा काटा उचलला आणि काथवटीशेजारी टेबलावर आदळला.

"तोडा," मी म्हटलं. "गोळा तोडा, बाबा. साहेब, तुम्हीही या. हे तोडतील, तुम्ही मोजा."

"अहो, राहू द्या हो," आई मागून म्हणाली. ती नक्की कुणाला म्हणाली ते मला आजही माहीत नाही. तिला बहुधा माझ्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या फेरीचं पीठ फुगून तयार होतं. बाबांनी बाह्या सरसावल्या, गोळा तोडला, तळहातावर एकदा उसळवला, क्षणभर थांबले आणि काट्यावर ठेवला. पाचशे पस्तीस.

त्यांनी दुसरा तोडला. पाचशे पस्तीस. तिसरा, पाचशे छत्तीस. चौथा तोडताना त्यांनी डोळे मिटले. पाचशे पस्तीस. ते थांबेनात. साहेब "पुरे" म्हणाले तरी थांबेनात. टेबलावर गोळ्यांची ओळ लागली, सगळे एकाला एक, कुठे दोन ग्रॅमची तफावत नाही. हात तोच होता, तेवढाच पक्का. फक्त आता तो दुसऱ्याच वजनाचा पक्का झाला होता.

भट्टीवाला हळूच म्हणाला, "काटा ओला असेल, मालक." कुणी हसलं नाही.

बाबा हात पुसत साहेबांसमोर उभे राहिले. "लिहा," ते म्हणाले. "मी केलंय. मुलीचा काही संबंध नाही."

"जाणूनबुजून?"

बाबा पुन्हा हात पुसायला लागले. साहेबांनी टेबलावरची ती ओळ नजरेखालून घातली. मग म्हणाले, "इतकी वर्षं कमी वजनं पकडतोय. चोर माणूस बघून कमी देतो, म्हाताऱ्याला जास्त कमी, ओळखीच्याला थोडं कमी. तुम्ही सगळ्यांना सारखंच दिलंत." आणि त्यांनी कागदावर लिहिलं, वजनकाटा न वापरल्याने झालेला निष्काळजीपणा, आठ दिवस बंद. परवाना वाचला. मला हायसं वाटलं, पण बाबांकडे बघून ते तोंडावर आणायची हिंमत झाली नाही.

ते आठ दिवस फार वाईट गेले. भट्टी थंड, घरभर नुसता यीस्टचा आंबूस वास आणि बाबा. कोपऱ्यावर जाणं त्यांनी बंद केलं. मंगळवार आला तरी वर्तमानपत्राबद्दल विचारलं नाही. मात्र उजवा हात स्वस्थ नव्हता. ते एकदा साबणाची वडी उचलून तळहातावर तोलत होते, एकदा कांदा, एकदा माझी चप्पल. मी बघितलं की खाली ठेवायचे.

पाचव्या दिवशी मी पोती झाकत होते. ते येऊन शेजारी बसले. "तुझ्यावर आळ घेतला," म्हणाले. "चारचौघांत. मी असं करायला नको होतं."

आता मी फुगून बसायला हवं होतं. तसा माझा हक्कच होता आणि सवयही. पण एक गोष्ट सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

"बाबा, पोती उरत होती," मी म्हटलं. "दोन महिने झाले. सोळाची पंधरा लागत होती. मला दिसत होतं. बाईंनी दोनदा सांगितलं, मी त्यांची चेष्टा केली. मी काटा काढून एक पाव मोजला असता तर तेव्हाच कळलं असतं. मी मुद्दाम नाही मोजला."

 माझ्या हातातलं दोरीचं टोक घेऊन त्यांनी पोत्याला गाठ मारली, ती सोडली आणि परत मारली.

नवव्या दिवशी पहाटेच भट्टी पेटली. काटा टेबलाच्या मधोमध, फडक्याशिवाय. बाबांनी गोळा तोडला, काट्यावर ठेवला, पाचशे पस्तीस. थोडं पीठ तोडून लावलं, पाचशे छप्पन्न. आणखी लावलं, पाचशे सत्तर. अंक स्थिर होईपर्यंत ते वाकून बघत राहिले. पूर्वी जेवढ्या वेळात वीस गोळे व्हायचे, तेवढ्यात हा एक झाला.

मग त्यांनी तो गोळा काट्यावरून उचलून तळहातावर घेतला. एकदा उसळवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा उसळवला, पुन्हा काट्यावर ठेवला. पाचशे सत्तरच. परत हातात घेतला.

"एवढा?" ते म्हणाले.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. मऊ, कोमट, लहानपणी ज्यावर मी त्यांची परीक्षा घ्यायचे तेवढाच गोळा. माझ्या हाताला त्यात नवीन काही लागलं नाही.

"जड आहे ना?" त्यांनी विचारलं. त्यांना माझ्याकडून हो हवं होतं. मला हो म्हणता येईना.

"बरोबर आहे, बाबा."

बाहेर रांग जमायला लागली होती. शिक्षिकाबाई पहिल्या होत्या, पत्र्याच्या पाटीखाली, पिशवी छातीशी धरून. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

"मी कधी कमी दिलं नाही, पोरी," ते हळूच म्हणाले. "मला तर रोज वाटायचं, आपण जास्तच देतोय."